सुलतानसाठी कलेजी

टाकेवाडीच्या खाटीकखान्यात सगुणाबाई धनगरणीचं मेंढरू कापलं आणि कलेजीत पुन्हा पाण्याने भरलेले फोड निघाले. जनावरांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हे फोड कुत्र्याने खाल्ले की त्याच्या पोटात जंत होतात. जंतांची अंडी विष्ठेतून गवतावर पडतात आणि मेंढरांत, माणसांतही शिरतात. अशी कलेजी पुरायला खोल खड्डा हवा."

"खड्डा कशाला?" पाहणीला येऊन खुर्चीत बसलेले नगराध्यक्ष भाऊसाहेब हसले. "खराब कलेजी कुत्र्यांनाच टाकायची, ही जुनी रीत आहे. फोडांनी काय होतंय? हिची मेंढरंच रोगट. उद्यापासून हिला बाजार बंद!"

सगुणाबाईने पदर खोचला. "अध्यक्षसाहेब, फोडांनी काही होत न्हाई न्हवं?"

"काही नाही!"

"मग ही कलेजी बंगल्यावर तुमच्या सुलतानला घालते. नातवंडं त्याच्याशीच खेळत्यात न्हवं?"

भाऊसाहेब ताडकन उठले. "खबरदार, माझ्या कुत्र्याला घालशील तर!"

"तुमच्या कुत्र्याला जे चालत न्हाई, ते इथं खाऊन माझ्या कुरणात हिंडणाऱ्या कुत्र्यांना कसं चालतं? आता सांगा, रोगट माझी मेंढरं, का तुमची रीत?"

खाटीकसुद्धा सुरी खाली ठेवून हसला.

बाजारबंदी तिथेच उठली आणि त्याच दुपारी खड्डा खणायला घेतला. पहिली कुदळ भाऊसाहेबांनी मारली, कारण सगुणाबाई कलेजी घेऊन अजून बंगल्याच्या वाटेवरच उभी होती.