मोरूला जागा हवी

टेकडीच्या पायथ्याशी निळगाव नावाचं एक चिमुकलं गाव होतं, आणि त्या गावात बकुळ नावाची नऊ वर्षांची मुलगी राहत होती. तिचं घर म्हणजे एकच खोली. दुपारभर ती खोलीही तिची नसायची. ती पापडांची असायची. बकुळची आई उडदाचे पापड लाटून विकायची, आणि उडदाचा पापड वाळवायचा तो सावलीत. त्यामुळे भिंतीपासून भिंतीपर्यंत धुतलेल्या साड्या अंथरलेल्या असत आणि त्यांवर गोल गोल, पिवळसर, चंद्रासारखे पापड.

आणि घरात होता मोरू!

मोरू म्हणजे बकुळचा दीड वर्षांचा भाऊ. गाल पिकल्या पेरूसारखे, डोळे टपोरे काळे, आणि पाय अगदी नवेकोरे, नुकतेच चालू लागलेले. अशा पायांना पापड दिसला की त्यावर उभं राहावंसं वाटतंच. म्हणून रोज दुपारी जेवणं झाली की बकुळ मोरूला कडेवर घ्यायची आणि पापड वाळेपर्यंत गावभर फिरवायची.

कुणाला वाटेल, बिचारी! पण बकुळला फार मजा यायची. मोरूला दोनच शब्द येत होते, "ते!" आणि "अजून!" पण तेवढ्यात त्याचं सगळं भागायचं. कुंभाराचं चाक गरगर फिरलं की "ते!" पिठाच्या गिरणीतून पांढराशुभ्र धुरळा उडाला की "ते!" तळ्यावर बदकांनी शेपट्या हलवल्या की "अजून! अजून!" बकुळ ज्या रस्त्याने हजारदा गेली होती, त्या रस्त्यावर निळे किडे, लाल खडे आणि सोनेरी गवत आहे, हे तिला मोरूने दाखवलं.

पण एका आठवड्यात सगळंच फिसकटलं.

सोमवारी मोरूने ओल्या घागरीत बोट खुपसलं. "अगं ए, उचल त्याला!" सोनबा कुंभार ओरडला. "माझ्या घागरीला बेंबी केली त्याने! परत आणू नकोस इकडे!"

बुधवारी मोरूने पिठात दोन्ही हात बुडवले आणि दळणाला आलेल्या पाटलीणबाईंच्या जांभळ्या लुगड्याला प्रेमाने मिठी मारली. गिरणीवाल्या काकूंनी बकुळच्या तोंडावर दार लावलं.

शुक्रवारी तो तळ्याकाठी परटाच्या वाळत घातलेल्या चादरींवरून लोळत गेला. आता तळंही बंद.

शनिवारी कुठे जावं ते कळेना. दोघं लवकर घरी आली, आणि बकुळ पाणी पिते तोवर मोरू पापडांच्या पहिल्या रांगेवरून शेवटच्या रांगेपर्यंत चालत गेला. प्रत्येक पापडावर पाच इवल्या बोटांचा ठसा!

आई रागावली नाही. ती नुसती खाली बसली. मग तिने जुन्या साडीची एक लांब पट्टी फाडली.

"उद्यापासून याला खांबाला बांधून ठेवते, बकुळ. पापड वाळेपर्यंत."

"वासराला बांधतात तसं?"

"मग काय करू? आज संध्याकाळी पापड द्यायचे होते गं. आता काय देऊ? कुणाच्या ताटात याचं पाऊल वाढू?"

"बांधायचं नाही," बकुळ म्हणाली. तिने हनुवटी वर केली होती. "मी जागा शोधीन."

"सगळीकडून तर हाकललं तुम्हाला."

"जिथून अजून हाकललं नाही, तिथे जाईन."

आईने पट्टीची घडी केली. "बरं बाई. उद्याचा एक दिवस तुझा."

गावात आता एकच जागा उरली होती. ती होती टेकडीवरची फुलबाग. दुसऱ्या दिवशी दुपारी बकुळ मोरूला कडेवर घेऊन तिथे पोचली. बागेच्या फाटकावर पितळी पाटी होती आणि पाटीखाली दाजी राखणदार काठी घेऊन बसलेले.

"पाटी वाच आधी," दाजी म्हणाले.

बकुळने मोठ्याने वाचलं, "धावू नये. हात लावू नये. मोठ्याने हसू नये." मग ती म्हणाली, "दाजी, मग इथे करायचं काय?"

"बघायचं."

"पण मोरू हातानेच बघतो."

"म्हणून तर त्याला आत नाही सोडत. चल, फूट इथून, शहाणे!"

बकुळ कुंपणाशी जाऊन बसली. डोळ्यांत पाणी आलं, ते तिने फ्रॉकच्या बाहीने पुसलं. तेवढ्यात कडेचा भार हलका झाला. मेंदीच्या कुंपणाला खाली एक भोक होतं, अगदी मोरूच्या मापाचं, आणि मोरूचे तळवे त्यातून आत नाहीसे होत होते!

"मोरू!" बकुळ फांद्या बाजूला सारत, पोटावर सरपटत त्याच्यामागे गेली.

आत काय होतं म्हणून सांगू? शेंदरी कर्दळी, दुधाळ मोगरे, पोपटी हिरवळीवर उन्हाचे लुकलुकते कवडसे. मध्ये एक निळंशार कुंड, आणि कुंडाच्या काठावर बकुळएवढीच एक परी! तिचे पंख चतुराच्या पंखांसारखे, उन्हात सप्तरंगी चमकणारे. मोरू कुंडाकडे दुडूदुडू निघाला होता. बकुळने झेप घेऊन त्याचा हात घट्ट पकडला.

"ते!" मोरू पंखांकडे बोट दाखवून म्हणाला.

परी हसली. घुंगरू हलावा तसं. "कितीतरी वर्षांनी कुणी आलं गं! जो इथवर येतो त्याची एक इच्छा मी पुरी करते. पण तीन नियम आहेत. इच्छा स्वतःसाठी असावी. ती एका दमात सांगावी. आणि सांगताना कुणाचाही हात हातात नसावा."

बकुळने विचार केला. स्वतःसाठी? तिला नवा फ्रॉक हवा होता का? हवा होता. बर्फी? तीही. पण सगळ्यांत जास्त काय हवं आहे, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने छाती भरून श्वास घेतला.

"थांब," परी म्हणाली. "आधी त्याचा हात सोड."

"नाही."

"क्षणभरच गं."

"परीताई, तू कधी मूल सांभाळलंयस का?"

"नाही बाई."

"क्षणभरात तो माती खातो. क्षणभरात कुंपणातून पळतो. आणि इथे तर पाणी आहे. मी हात सोडणार नाही."

परीचे पंख जरा मावळले. "मग इच्छा पुरी व्हायची नाही. आजवर इथे आलेल्या सगळ्यांनी हात सोडला. कुणी मैत्रिणीचा, कुणी म्हाताऱ्या आईचा."

"सोडू देत. हा नियम केला कुणी?"

"मला नाही माहीत. माझ्या आधीच्या परीने सांगितला."

"मग तिला विचारलं नाहीस, का म्हणून?"

 खरंच, परीने कधीच विचारलं नव्हतं.

"आमची आजी पापडात मिरी घालत नसे," बकुळ म्हणाली. "आई घालते. काही बिघडलं नाही. उलट छान लागतात. राहू दे तुझी इच्छा. मी याला घेऊन रोज रस्त्यावर बसेन, उन्हात बसेन, पण याला बांधू देणार नाही आणि सोडणारही नाही!"

ती वळली. पण मोरू वळेना. त्याचा एक हात बकुळच्या हातात होता. दुसरा चिकट, मऊ, पेढ्याएवढा हात त्याने पुढे केला आणि परीचं बोट मुठीत धरलं.

परीला आजवर कुणी धरलं नव्हतं. ती त्या इवल्या मुठीकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "नियम मोडणारी परी बागेत राहू शकत नाही. तिचा उजेड होऊन जातो."

"दुखतं का ते?" बकुळने घाबरून विचारलं.

"कुणाला ठाऊक! तसं धाडस अजून कुणी केलंच नाही." परीने हनुवटी वर केली, अगदी बकुळसारखी. "सांग तुझी इच्छा. हात धरूनच सांग."

"पण मग तू..."

"मी शंभर वर्षं एका काठावर बसून आहे गं. मलाही जरा गावभर फिरायचंय. सांग!"

तेव्हा बकुळ एका दमात म्हणाली, "मला मोरूबरोबर जायला जागा हव्यात, जिथे तो हात लावील, धावेल, हसेल आणि कुणी हाकलणार नाही!"

परी खळखळून हसली, पाटीवर बंदी होती तितक्या मोठ्याने! तिचे पंख सोनेरी झाले, मग केशरी, मग पांढरेशुभ्र. मोरूच्या मुठीतलं बोट ऊबदार झालं, लकाकलं, आणि लखकन परी उजेड झाली. तो उजेड कुंपणावरून उसळला आणि झुळझुळत गावात उतरला. कुंभारवाड्याच्या अंगणात मऊ मातीचा एक ढीग उगवला, कितीही बोटं खुपसली तरी न संपणारा. गिरणीच्या ओसरीवर हात बुडवायला कोंड्याची एक टोपली आली. तळ्याकाठी घोट्याएवढ्या पाण्याची उथळ पायरी झाली, आणि बदकं तिथे येऊन ऐटीत बसली. कुणी एकदम देवमाणूस झालं नाही. सोनबा पुढेही कुरकुरायचा, पण "या ढिगात काय ते खुपस रे बाबा," एवढंच म्हणायचा.

हसणं ऐकून दाजी काठी आपटत आत धावले. "कोण हसलं? कोण हसलं इथे?" आणि ते थबकले. कुंडाभोवती कोवळ्या वेलींचा गुडघाभर कठडा उभा राहिला होता. मागे फाटक सताड उघडं होतं, पाटीवरची अक्षरं सोनकिडे होऊन उडून चालली होती, आणि त्यांच्यामागे मोरू हिरवळीवर धावत होता. कुणाचाही हात न धरता, पडत, उठत, "अजून! अजून!" करत. बकुळ दोन पावलांवर उभी राहून त्याला धावू देत होती.

"पाटीच गेली," दाजी हताशपणे म्हणाले. "आता मी राखू तरी काय, पोरी?"

"आम्हाला राखा," बकुळ म्हणाली. "उद्या गल्लीतली सगळी बाळं घेऊन येणार आहे मी."

"सगळी?"

"सगळी. आणि आईलाही आणीन, पापड घालून झाले की."

दाजींनी बराच वेळ डोकं खाजवलं. मग काठी कर्दळीच्या आळ्यात रोवली, धोतराचा सोगा खोचला आणि मोरू कठड्यावर चढायच्या आत त्याला गाठायला ते धावत सुटले.