निर्दोष स्क्रिप्ट

सांगलीत कमांड लिहून कॉम्प्युटर चालवणाऱ्यांचं एक मंडळ होतं. शाहीन मुजावरनं इंजिनिअरिंग अर्धवट सोडलेलं, पण निम्मं मंडळ तिच्याच स्क्रिप्ट, म्हणजे कमांड लिहून ठेवलेल्या फाइली, वापरायचं. तिनं समितीवर जागा मागितली, तेव्हा अध्यक्ष केसकर सरांनी आधी डिग्री विचारली. नाही म्हटल्यावर अट घातली, "मला एकही चूक सापडणार नाही अशी स्क्रिप्ट आत्ता सगळ्यांसमोर लिही. मग बघू."

शाहीननं रिकामी फाइल सेव्ह केली आणि चालवली. पडद्यावर एकही एरर आली नाही.

"अगं, ही तर काहीच करत नाही," सर म्हणाले.

"नाहीच करत, सर. पण चुकतही नाही. समितीवर तुमचं वीस वर्षं एवढ्यावरच भागलं, म्हणून मीही जास्त लिहिलं नाही."

सेक्रेटरी आवटींनी समितीच्या यादीत तिचं नाव लिहून टाकलं. सरांना त्यातही चूक सापडेना.