देसायांची राहुटी

खाली नदीकाठच्या गाळात भाताची दोन पिकं निघायची आणि वर कातळवाडीत जेमतेम मूठभर नाचणी. देसाई म्हणाले, "वरची माणसं उपजतच आळशी. वाडी उठवा, सगळ्यांना खाली माझ्या शेतावर राबायला आणा."

हुकूम सांगायला ते स्वतःच वर चढून आले. वाडीतला म्हातारा धाकू बाजूला बसून बघत राहिला. देसायांचे गडी राहुटी ठोकत होते. एक खुंटी वाकली, दुसरी मोडली. ऊन डोक्यावर आलं तरी राहुटी उभी राहीना.

धाकू हळूच म्हणाला, "सरकार, गडी भारीच आळशी दिसतात तुमचे."

देसाई उसळले. "आळशी? अरे, खाली हेच गडी बघता बघता राहुटी उभी करतात! इथं नुसता कातळ. खुंटी शिरणार कशी?"

"मी तरी दुसरं काय म्हणतो, सरकार? तुमची खुंटी शिरत नाही, तिथं आमचा नांगर कसा शिरावा?"

देसायांनी वाकडी खुंटी हातात घेऊन पाहिली आणि ते खो खो हसत सुटले. "राहा बाबांनो, इथंच राहा!"

धाकूचा जीव भांड्यात पडला. मग त्यानंच दोऱ्या धोंड्यांना बांधून राहुटी उभारली, आणि देसाई तिच्या सावलीत नाचणीची भाकरी जेवले.