वजनात बसवलेला संघ

"…म्हंजे झाकीरला काढल्याबिगर गत्यंतरच न्हाई, असं म्हणतोस?"

हिंदुराव वस्तादांनी मान वर न करताच विचारलं. तालमीच्या कट्ट्यावर बसून ते लिंबं कापत होते. संध्याकाळी कुस्तीच्या हौद्यातल्या लाल मातीत पिळायची होती. दुपारची वेळ, तालीम रिकामी. कोनाड्यातला मारुती आणि हे दोघं, बाकी चिटपाखरू नाही.

"मी कुठं म्हणतोय, वस्ताद? हिशेबच तसं सांगतोय," इंद्रजित सरनोबत म्हणाला.

"हिशेबाला तोंड फुटलं व्हय आता?"

इंद्रजित हसला. पण ते हसू काही खरं नव्हतं.

कोल्हापुरात पेठेगणिक तालीम, आणि तालमीगणिक फुटबॉलचा संघ. कुस्ती खाली मातीत, फुटबॉल वर मैदानात, पण दोन्हीला वस्ताद एकच. दगडी तालमीच्या संघाचा इंद्रजित कॅप्टन होता, आणि तोही आजकालचा नव्हे. पेठेत त्याच्या नावाची आरोळी उठली की समोरच्या बचावफळीला घाम फुटायचा. यंदा शहरात नवी पगारी लीग निघाली, तेव्हा तालमीच्या मंडळानं एकमुखानं सांगितलं, संघ इंद्रजितनंच बांधायचा. त्याच्या डोक्याला तोड नाही.

तोड नव्हतीच. फक्त हे त्यालाही जरा जास्तच ठाऊक होतं.

लीगचा नियम साधा होता. एका संघानं सगळ्या खेळाडूंना मिळून जे मानधन द्यायचं, त्याला वरून मर्यादा. तुमच्या पेठेत सोन्याची दुकानं असोत नाहीतर ऊसवाले बागायतदार, त्या रेषेच्या वर गेलात की संघ बाद. यादी आज संध्याकाळी बंद होणार होती.

आणि इंद्रजितचा संघ रेषेच्या वर गेला होता. किती? बरोबर एका गोलकीपरइतका.

"या मर्यादेनं वाट लावली बघा," तो म्हणाला. "ही नसती ना, तर असा संघ उभा केला असता, नाद खुळा! कुणाची टाप नव्हती."

"हौद्याला कठडा नसता तर माती कुठं ऱ्हायली असती रं?"

इंद्रजितनं ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

"वस्ताद, एकच काम होतं. झाकीरला तुम्ही सांगा. तुमच्या तोंडून आलं तर तो वाईट वाटून घेणार नाही."

"आनि तुझ्या तोंडून?"

इंद्रजितनं एक लिंबू उचललं आणि परत ठेवलं.

झाकीर बागवान आणि तो एकाच दिवशी या तालमीत आले होते. एकाच्या डोक्याला तेल चोपडलेलं, दुसऱ्याच्या खिशात वडिलांच्या गाड्यावरची बोरं. तेव्हापासून एक गोल मारत आला, दुसरा गोल अडवत आला. यंदा शेजारच्या पेठेनं झाकीरला जादा मानधन देऊ केलं होतं. झाकीरनं त्यांना चहा पाजला आणि वाटेला लावलं. "दगडी तालमीचा माणूस दगडी तालमीतच," एवढंच बोलला. आता त्या पेठेनं दुसरा कीपर घेतला होता. बाकीचे संघही भरले होते. आज नाव गेलं, की झाकीर वर्षभर फळांच्या गाड्यावर.

इंद्रजितला हे कळत नव्हतं असं नाही. म्हणून तर तो वस्तादांकडं आला होता.

"इंद्रा," वस्तादांनी नवं लिंबू घेतलं, "कुस्तीच्या आधी वजन असतंय. पैलवान थोडा वर भरला. तर काय करतोय?"

"पळतो. घाम गाळतो."

"आनि?"

"जेवण सोडतो. पाणी सोडतो… डोक्यावरचे केससुद्धा उतरवतो."

"आनि तरी वर भरला तर? हात कापून ठेवतोय?"

"…नाही."

"फुटबॉलमदी हात कुणाला असत्यात रं?"

इंद्रजितच्या कानाला ते झोंबलं. पण तो तयारीनं आला होता.

"तसं नाही, वस्ताद. कीपरच्या जागी पेठेतलं एखादं पोरगं उभं करतो. कमी मानधनात येईल. शिकेल हळूहळू."

"तोवर गोल खाईल."

"खाऊ दे की. आपण जास्त मारू."

"कोन मारनार?"

इथं मात्र इंद्रजितची कळी खुलली. संघ त्याला तोंडपाठ होता. नायजेरियाचा सेंटर फॉरवर्ड, ताडमाड, हवेतला चेंडू सोडतच नाही. सगळ्यात महाग तोच. पण गोल करणारा स्वस्तात मिळत नसतो. मणिपूरचं ते पोरगं मधल्या फळीत, दिसायला एवढंसं, पळायला लागलं की दोघांना पुरून उरतं. गोव्याचा डावा बॅक. त्याचा पाय गेल्या महिन्यात मोडला, पण करार दोन हंगामांचा केला होता, तेव्हा तो खेळो न खेळो, मर्यादेत मोजावाच लागतो.

"ही चूक झाली," इंद्रजितनं मोठ्या मनानं कबूल केलं. "गेल्या साली किती छान खेळला, ते बघून करार केला. पुढं किती खेळेल ते बघितलंच नाही."

"असं हुतंय," वस्ताद म्हणाले.

"शिवाय हिशेबात थोडी रक्कम राखीवपण धरलीय. हंगामात कुणी जायबंदी झाला तर दुसरा आणायचा कशातनं? सगळं ओतून बसलं की मग बोंब. दोन पेठांनी तीच चूक केलीय, बघा तुम्ही, मधेच टाळ वाजवत बसतील."

"शाना हाईस."

"बाकी मग पेठेतली पोरं. ती काय, जर्सीसाठी खेळतात. कमीतल्या कमी मानधनात बसवलीत."

"आनि?"

"आणि… संपलं की."

"आनि?"

"आणि मी." इंद्रजितनं हात झटकला. "ते काय, कॅप्टनचं ठरलेलंच असतं."

ठरलेलं म्हणजे पेठेतल्या सगळ्या खेळाडूंपेक्षा जास्त. त्यात वावगं काय होतं? नाव कुणाचं होतं? तिकीट कुणाच्या नावावर खपायचं? राहता राहिला गुडघा. गेल्या हंगामात तो जरा कुरकुरला होता. डॉक्टर म्हणाले, पळणं सोडा. डॉक्टर काय, सगळ्यांनाच म्हणतात. सामन्याच्या शेवटी शेवटी मैदानात उतरायचं, पेठ नावानं गर्जायची, तेवढ्यानं अंगात वारं भरायचं. सामन्याआधी गुडघ्याला पट्टा आवळून बांधायला तेवढं कुणीतरी लागायचं. स्वतःचे ग्लोव्ह्ज दातात धरून ते काम झाकीर करायचा.

वस्तादांनी चाकू खाली ठेवला.

"सांजच्याला पोरं येतील. माती खनायची ऱ्हायलीया. खनतोस?"

"मी?"

"का? कॅप्टनला फावडं चालत न्हाई?"

"तसं नव्हं… यादी द्यायचीय, वस्ताद. वेळ कमी आहे."

"मग बिगीबिगी खन."

वस्तादांपुढं कुणाचं चाललंय? इंद्रजितनं बूट काढले. पँट दुमडली. मारुतीला हात जोडले आणि फावडं घेऊन हौद्यात उतरला.

माती पायाखाली घट्ट बसली होती. सकाळी पोरांनी तुडवून तुडवून पार फरशी केली होती. ताक, तेल, हळद, कापूर, सगळ्यांचा मिळून तो एक जुना वास आला आणि त्याला उगाचच बरं वाटलं.

तालमीत पोरगं आलं की त्याला डाव शिकवत नाहीत. आधी माती खणायला शिकवतात. मारुतीच्या भिंतीपासून सुरू करायचं, फावडं मारत एक एक पाऊल मागं सरायचं. उकरलेल्या मातीवर पाय द्यायचा नाही. सरत सरत कठड्याशी आलं की बाहेर निघायचं, आणि शेवटचा पट्टा बाहेर उभं राहून खणायचा. इंद्रजितनं पोरवयात हे कितीदा केलं असेल, त्याला गणती नाही.

भिंतीशी उभा राहून त्यानं पहिलं फावडं मारलं. एक पाऊल मागं सरला. गुडघ्यातून अशी काही कळ गेली, की डोळ्यांपुढं काजवे चमकले.

त्यानं चोरून वस्तादांकडं पाहिलं. वस्ताद लिंबाच्या बिया वेचत होते.

मग इंद्रजितनं डोकं चालवलं. मागं सरायचंच कशाला? कडेकडेनं खणत आडवं सरकायचं. चारी बाजूंनी फिरत फिरत आत यायचं. चांगल्या पायावर भार, दुखऱ्या पायाला आराम. जमलं की! फावडं लयीत चालू लागलं. माती भुसभुशीत होऊन बाजूला पडू लागली. अंगातनं घाम निथळला. फेऱ्या लहान लहान होत गेल्या. शेवटी तो हौद्याच्या मधोमध आला, चहूकडं फावडं फिरवलं आणि कंबर सरळ केली.

"झालं, वस्ताद."

"झालं?"

"झालं की. बघा, लोणी केलंय."

वस्ताद उठले. कठड्यापाशी आले. बघत राहिले…

"एका जागी टनक ऱ्हायलंय."

"कुठं?"

"आज तितं कुनी पाठीवर पडला, तर मनका जाईल त्याचा."

इंद्रजितला राग आला. त्यानं फावडं उजवीकडं खुपसलं. दांड्यापर्यंत गेलं. डावीकडं खुपसलं. गेलं. पुढं वाकून, मागं वळून, सगळीकडं मारून बघितलं. सगळी माती मऊ.

"कुठं आहे टणक? दाखवा तरी."

वस्तादांनी कठड्यावर दोन्ही हात टेकले.

ते त्याच्या तोंडाकडं बघत नव्हते. हौद्याकडंही बघत नव्हते. त्यांची नजर खाली होती. इंद्रजितनं त्या नजरेमागनं पाहिलं.

त्याचे दोन पाय. आणि पायांखाली, सगळ्या उकरलेल्या मातीच्या मधोमध, तेवढीच एक न खणलेली जागा.

आधी त्याची कानशिलं तापली. मग मनात आलं, म्हाताऱ्यानं मुद्दाम केलं हे. मग काहीच आलं नाही. गुडघा मात्र ठणकत होता, आणि का कोण जाणे, झाकीरच्या दातांत धरलेले ते ग्लोव्ह्ज सारखे डोळ्यांपुढं येत होते. पट्टा बांधून झाल्यावर झाकीर गुडघ्यावर एक थाप मारायचा. "पळ वाघा," म्हणायचा. दोघांनाही ठाऊक असायचं, की वाघ आता पळत नाही.

खिशातला फोन वाजला. मंडळाचे सेक्रेटरी.

"इंद्रजितराव, माणसं खोळंबलीत हितं. झाकीरचं नाव काढू ना?"

"नको."

"आँ? मग मर्यादेत कसं बसायचं?"

"बसतंय."

"कसं बसतंय? कुणाला काढलासा?"

इंद्रजितनं मारुतीकडं पाहिलं. फावड्याच्या दांड्यावरची मूठ आवळली.

"हॅलो… कुणाचं काढू?"

"माझं."



"आवो, पेठ काय म्हणंल?"

"पेठेला मी सांगतो. तुम्ही लिहा. झाकीर बागवान, गोलकीपर. त्यानं मागितलंय तेवढं मानधन. एक पैसा कमी नको."

फोन खिशात गेला. इंद्रजित तिथंच उभा राहिला. त्याला वाटलं होतं, अंगावरनं काहीतरी उतरल्यासारखं होईल. तसलं काही झालं नाही. पोरवयापासून जी जर्सी अंगावर होती, ती आता अंगावर नसणार होती. एवढ्या मोठ्या माणसाला रडू येत होतं, आणि त्यानं ते येऊ दिलं.

वस्तादांनी तोंड फिरवलं नाही. समजूतही घातली नाही. अर्ध्या लिंबाची फोड घेऊन ते हौद्यात पिळत राहिले.

"वस्ताद…"

"हं."

"माझा सगळा जन्म गेला या टीममध्ये."

"व्हय. गेला."

"मग आता मी नाही तिच्यात, तर… मी करायचं काय?"

वस्तादांनी दुसरी फोड पिळली. साल बाजूला ठेवली. धोतराला हात पुसले आणि कठड्यावरून हात पुढं केला.

"भाईर ये. फावडं भाईरनं बी पोचतंय."