बायडाबाईची हाळी

एका हमरस्त्याच्या काठी एक गाव होतं. गावाची घरं रस्त्याच्या या अंगाला आणि शाळा त्या अंगाला. रस्ता अरुंद होता तेव्हा त्याचं कुणाला काही वाटलं नाही. पुढे तो रुंद झाला, गुळगुळीत झाला, आणि त्यावरून ट्रक, टँकर, मोटारी दिवसभर सुसाट धावू लागल्या. गावाला आधी त्याचा अभिमानच वाटला. आपल्या दारातून एवढा मोठा रस्ता जातो, म्हणून पाहुण्यांना मुद्दाम रस्त्यापर्यंत सोडायला जायचे लोक.

त्या गावात, अगदी रस्त्यालगत, बायडाबाई नावाची एक म्हातारी धनगरीण राहायची. तिला मूलबाळ नव्हतं. आयुष्यभर तिने मेंढरं राखली आणि गुडघे बोलायला लागले तेव्हा विकून टाकली. मेंढरांच्या रिकाम्या वाड्यापाशी बसून तिला दिवस जाता जाईना. एका सकाळी शाळेची पोरं रस्त्याकडेला घाबरून उभी असलेली तिने पाहिली. ती उठली, काठी घेतली, रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली, दोन्हीकडच्या गाड्या थांबवल्या आणि मेंढरांना घालायची तीच हाळी घातली, "हुर्रर्र... या!"

पोरं हसत हसत पलीकडे गेली. त्या दिवसापासून तो रोजचा नेम झाला.

मेंढरं रस्ता कशी ओलांडतात, ते पाहिलंय कधी? मान खाली, नाक पुढच्याच्या शेपटाशी. उजवीकडे बघत नाहीत, डावीकडे बघत नाहीत. हाळी आली की निघायचं, एवढंच त्यांना ठाऊक. बायडाबाईला तेवढंच येत होतं आणि तेच तिने पोरांना शिकवलं. पुढच्याच्या दप्तराला हात लावायचा, मान खाली घालायची, हाळी आली की चालू लागायचं. सगळ्यांत पुढे असायची शिंप्याची तानी, कारण ती सगळ्यांत लहान. तिचा एक हात नेहमी बायडाबाईच्या काठीला असायचा.

तानीला हाळी घालता यायची. अगदी हुबेहूब. तिची हाळी ऐकून बायडाबाई तोंडाला पदर लावून हसायची आणि म्हणायची, "माझ्यामागं माझी मेंढरं हीच राखंल बघा."

शाळेतल्या बाईंना मात्र हे बघून बरं वाटत नव्हतं. एका संध्याकाळी त्या बायडाबाईच्या दारात येऊन बसल्या.

"बायडाबाई, तुमच्यामुळे मुलं सुखरूप येतात. पण ती रस्त्याकडे बघतच नाहीत हो. तुमच्याकडे बघतात. तुम्ही एखाद्या दिवशी नसलात तर?"

"मी कुठं जातीया?"

"तसं नाही. आठ दिवस मला तुमच्याबरोबर उभं राहू द्या. मी त्यांना आधी उजवीकडे, मग डावीकडे बघायला शिकवते. आणि रस्त्यावर गतिरोधक हवा, पांढरे पट्टे हवेत, म्हणून आपण दोघी सरपंचांकडे जाऊ. तुम्ही म्हणालात तर ते ऐकतील."

बाईंचं म्हणणं बायडाबाईला पटलं होतं, हे सांगितलंच पाहिजे. पण त्याच वेळी तिच्या मनात आलं, की पोरं आपली आपण जायला लागली, तर सकाळी माझ्या दाराशी कोण येईल? माझी काठी कोण धरील? एवढ्या वर्षांनी पुन्हा तिची कुणाला तरी गरज पडली होती. ते सुख तिच्याने सोडवेना.

"बाई, तीस वरसं मेंढरं वळली मी," ती म्हणाली. "एकबी गाडीखाली गेलं न्हाई. तुमी नका घोर करू."

बाई एकट्याच सरपंचांकडे गेल्या. सरपंच म्हणाले, "अहो, आपली बायडाबाई आहे तोवर गतिरोधक कशाला?" गावालाही ते सोयीचं वाटलं. अर्ज लिहायचा, तालुक्याला खेटे घालायचे, त्यापेक्षा म्हातारी बरी. तिला दिवाळीला लुगडं दिलं की गाव आपलं कर्तव्य करून मोकळं.

अशी चार वर्षं होत आली. पहिलीत आलेली तानी चौथीत गेली, तरी पुढची जागा तिने सोडली नव्हती.

मग एका सकाळी बायडाबाईला ताप चढला. उठायला गेली तर डोळ्यांपुढे अंधारी आली. शेजारणीला हाक मारावी, कुणाला तरी रस्त्यावर पाठवावं, असं तिच्या मनात आलं. पण तिला वाटलं, पोरं थांबतील. माझ्या हाळीशिवाय ती पाऊल उचलत नाहीत.

पोरं खरंच थांबली होती. रस्त्याकडेला ओळ लावून, पुढच्याच्या दप्तराला हात लावून, मुकाट उभी होती. तेवढ्यात पलीकडे शाळेची घंटा झाली.

अंथरुणावर पडल्या पडल्या बायडाबाईने घंटा ऐकली. आणि लगेच रस्त्याकडून तिला दुसरा आवाज ऐकू आला.

"हुर्रर्र... या!"

तिची स्वतःची हाळी होती ती, तानीच्या गळ्यातून आलेली. "थांबा गं," बायडाबाई ओरडायला गेली, पण तापाने आवाज फुटला नाही. मग करकचून ब्रेक लागले आणि त्यानंतर बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही.

मागची पोरं वाचली. पुढे तानी एकटीच होती, मान खाली घालून.

गावाने बायडाबाईला एका शब्दानेही दोष दिला नाही. तेराव्याला ती शिंप्याच्या घरी गेली आणि उंबऱ्याबाहेरच बसली. तानीची आई बाहेर आली, तिच्याजवळ बसली आणि रडत रडत म्हणाली, "आजी, घरीबी दिवसभर तुमचीच हाळी घालायची ओ ती. म्हणायची, मला आजीवानी व्हायचंय."

बायडाबाई तिथून उठली ती थेट शाळेत गेली. बाईंपुढे तिने काठी खाली ठेवली.

"बाई, मी पोरांस्नी चालाय शिकवलं, बघाय न्हाई शिकवलं. आता तुमी शिकवा. मलाबी शिकवा."

चार वर्षं जो अर्ज लिहायला कुणाला वेळ झाला नव्हता, तो एका दुपारी लिहून झाला. सगळं गाव तालुक्याला जाऊन बसलं. गतिरोधक झाला, पांढरे पट्टे झाले. बायडाबाई रोज रस्त्याकडेला उभी राहायची, पण हाळी तिने पुन्हा कधी घातली नाही. फक्त विचारायची, "काय दिसतंय?" ज्याचं त्याने बघायचं, ज्याचं त्याने सांगायचं आणि मगच पाऊल टाकायचं.

पुढच्या जूनमध्ये तानीची धाकटी बहीण पहिल्यांदा शाळेला निघाली. रस्त्यापाशी आल्यावर तिने आपला हात काठीकडे नेला. बायडाबाईने काठी पाठीमागे घेतली.

"काठी न्हाई, बाळा. काय दिसतंय, सांग मला."

पोरीने उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, पुन्हा उजवीकडे पाहिलं. "ट्रक येतोय. थांबायचं."

ट्रक सावकाश गतिरोधकावरून उतरला आणि निघून गेला. पोरीने पुन्हा नीट पाहिलं. "आता मोकळा हाय, आज्जी." आणि ती पट्ट्यांवरून चालू लागली, दोन्हीकडे बघत, मान वर ठेवून. पलीकडे पोचल्यावर ती तशीच शाळेत शिरली. आजी मागे उभी आहे, हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

बायडाबाईने पदराने डोळे पुसले. आपली गरज उरली नाही याचं तिला त्या दिवशी पहिल्यांदाच सुख वाटलं, आणि हे सुख चार वर्षं आधी घेतलं असतं तर, म्हणून ती पुन्हा रडली.

तात्पर्य: ज्यांच्यावर आपला जीव आहे, त्यांना आपला आधार जरूर द्यावा, पण आपल्यावाचून त्यांचं अडू नये, एवढं शिकवायला उशीर करू नये.