फिरवून न पाहिलेला बाण

एक होता डोंगर. राजाही होता, पण तो मागाहून येईल. बसू दे त्याला थोडा वेळ. तर उंबऱ्या नावाचा हा डोंगर, आणि त्याच्या पायथ्याशी वेळवाडी. पंधरा-वीस घरं. नाचणी पिकवायची, रानातून मध आणायचा आणि वर्षातून ठरलेले चार दिवस शिकार करायची. त्या वाडीत धुरपा राहायची. ती बाणांना पाती बसवायची. वाडीत हे काम तिच्यासारखं कुणालाच जमत नव्हतं.

ते काम कसं असतं, ऐका. आधी वेळूची काडी निखाऱ्यावर धरून सरळ करायची. तिचं टोक तासायचं. मग लाख वितळवायची, टोकाला लावायची आणि लोखंडी पात्याची नळी त्यावर चढवायची. लाख गरम आहे तोवरच पातं हलतं, बरं का. गार झाली की बसलं ते बसलं. आणि सगळ्यात शेवटी बाणाचं टोक अंगठ्याच्या नखावर टेकवून काडी गरकन फिरवायची. पातं सरळ असेल तर बाण नखावर शांत फिरतो. केसाएवढं वाकडं असेल तर डुगडुगतो. डुगडुगला की पुन्हा निखारे, पुन्हा लाख. कंटाळा आला तरी पुन्हा.

एवढं कशाला, म्हणाल. तर वाकड्या पात्याचा बाण भरकटतो. जनावर मरतही नाही आणि धड जगतही नाही, बाण घेऊन पळतं. म्हणून वेळवाडीची एक रीत होती. जनावर असं पळालं, तर ज्यानं बाण सोडला त्यानं नव्हे, ज्यानं पातं बसवलं त्यानं त्याच्या मागावर जायचं. एकट्यानं जायचं, आणि ते सापडेपर्यंत परतायचं नाही. धुरपाला बारा वर्षांत एकदाही जावं लागलं नव्हतं. तिला त्याचा अभिमान होता, आणि असायलाही हरकत नव्हती.

आता येऊ दे राजाला. राजाला हौस आली, की दसऱ्याला महालाच्या दारावर शिंगं लावायची. अशीतशी नाही, मोठ्यात मोठी. उंबऱ्या डोंगरावर एक सांबर होतं, फार जुनं. त्याच्या वाटेला गावातलं कुणी जात नसे. राजानं शिपाई पाठवला. शिकारीचे दिवस नव्हते, पण राजाला कोण सांगणार! धुरपाचा धाकटा भाऊ रावजी गावातला पहिला नेमबाज. त्याला हुकूम झाला, सांबर मार. धुरपाला हुकूम झाला, तीन बाण कर, आत्ताच्या आत्ता.

धुरपानं पहिला बाण केला. नखावर फिरवला. शांत. मग दुसरा केला. फिरवला. तोही शांत. मग तिसरा घेतला. तोवर काय झालं, निखाऱ्यांची राख होत आली. दारात बसलेला शिपाई काठी आपटायला लागला. धुरपाची लेक सोनकी, दोन वर्षांची, बापाविना पोर, ती रडायला लागली. धुरपानं घाईनं पातं चढवलं आणि लाख गार झाली. तिनं बाण डोळ्यासमोर धरला. पातं डावीकडे होतं. फार नाही, जवाच्या दाण्याएवढं.

पुन्हा करायचं तर पुन्हा जाळ घालावा लागणार. धुरपा मनाशी म्हणाली, "चालतंय की. एवढ्यानं काय होतंय!" आणि तिनं तो बाण नखावर टेकवलाच नाही. टेकवला असता तर डुगडुगला असता, आणि ते तिला बघायचं नव्हतं.

मग रावजी रानात गेला. पहिला बाण सोडला, तेवढ्यात सांबर वळलं आणि बाण करवंदीच्या जाळीत गेला. दुसरा सोडला, तो शिंगावर आपटून खाली पडला. मग तिसरा सोडला. तो खांद्यात शिरला, पण तिरका. सांबरानं एकदा मागं पाहिलं आणि बाण घेऊन ते डोंगरात निघून गेलं.

रावजी घरी आला. त्याचा चेहरा उतरला होता. म्हणाला, "अक्का, लागला. पर पळालं." रीत दोघांनाही ठाऊक होती. धुरपानं सोनकीकडे पाहिलं. हिला टाकून मी रानात कुठं भटकू, असं तिला वाटलं. तिनं भावाला सांगितलं, "कुणाला बोलू नगंस. तिन्ही चुकले म्हण." रावजीनं मान हलवली. शिपायाला तसंच सांगितलं, आणि तो शिव्या देत गेला.

आणि त्या दिवसापासून वेळवाडीची झोप गेली.

गेली म्हणजे गेलीच. कुणाचा डोळा लागेना. पहिल्या दिवशी लोक एकमेकांना हसले. दुसऱ्या दिवशी हसू थांबलं. तिसऱ्या दिवशी बैल उभ्याउभ्या थरथरायला लागले, कोंबड्या खुराड्यात डोळे टक्क उघडे ठेवून बसल्या. म्हातारी माणसं भिंतीला धरून चालायला लागली. तिकडे राजाच्या महालातसुद्धा तीच गत, मऊ गादी असून उपयोग काय! गावातले भिकाबा सगळ्यांत वयस्क. ते पारावर म्हणाले, "कुटंतरी कुणाला तरी आडवं होता येत न्हाई. त्यो जीव निजल्याबिगर आपुन निजत न्हाई."

धुरपानं ऐकलं आणि खाली मान घातली. पाचव्या दिवशी सोनकीचं रडणं थांबलं. बरं वाटलं म्हणून नाही, रडायचं बळच उरलं नव्हतं. घास तोंडातून बाहेर यायला लागला. डोळे उघडे, पण आईकडे बघेनात. धुरपाचं काळीज फाटलं. तिनं पोर रावजीच्या मांडीवर ठेवली. "हिला बघ," म्हणाली, आणि डोंगर चढायला लागली. ही पोर वाचायची तर त्या सांबरानं निजायला हवं, एवढंच तिला कळत होतं.

चढता चढता एक झरा लागला. काठावर खुरांचे ठसे होते, गवत दबलेलं होतं. सांबर इथं बसायला गेलं होतं, आणि बसता आलं नव्हतं. धुरपा ओणवी झाली तसा झरा बोलला. झरे बोलायचे तेव्हा, हसू नका. झऱ्यानं विचारलं, "कुणाचा हात?"

धुरपा म्हणाली, "माझ्या भावाचा. त्यानं बाण सोडला."

झऱ्याचं पाणी काठावर चढलं. ठसे पुसले गेले, आणि समोर नुसता चिखल राहिला.

मग ती अंदाजानं चालत राहिली. दुसऱ्या दिवशी खिंडीत वाघोबाचा शेंदूर लावलेला दगड लागला. दगडाला सांबराचे केस चिकटले होते. त्यानं खाज म्हणून नव्हे, बाण निघावा म्हणून अंग घासलं होतं. वाघोबानं विचारलं, "कुणाचा हात?"

धुरपा म्हणाली, "राजाचा. त्याचा हुकूम होता."

ते खोटं नव्हतं, बरं का. तरी वाऱ्यानं केस उडून गेले, आणि खिंडीतून पुढं जाणारी वाट करवंदीनं मिटली.

धुरपा काट्यांतून रांगत निघाली. तिसऱ्या दिवशी दुपारी ती माथ्यावरच्या कातळावर पोचली. पायांतून रक्त येत होतं. तिथं झरा नव्हता, देव नव्हता, पक्षीसुद्धा नव्हता. कुणीच तिला काही विचारलं नाही. ती बराच वेळ वाट बघत बसली. मग तिला रडू आलं, आणि रडता रडता ती आपणहून म्हणाली, "माझा हात. पातं वाकडं हाये ते मला दिसलं व्हतं. दिसलं, तरी मी चालतंय म्हणलं."

एवढं बोलली आणि तिला समोरच्या कारवीच्या झुडपांत सांबर दिसलं. तिथंच उभं होतं. सात दिवस उभंच होतं. त्याचे पाय कापत होते, मान खाली लोंबत होती. खांद्यात बाण होता.

"आलीस?" सांबर म्हणालं.

"आले."

"उशीर केलास."

धुरपा पुढं झाली. तिनं बाणाला हात लावला आणि तिच्या ध्यानात आलं. काडी सरळ ओढली, तर काडी तेवढी हातात येईल आणि पातं मांसात राहील. पातं ज्या रेघेत बसलंय, त्याच रेघेत ओढायला हवं. ती रेघ कुठली, हे जगात एकाच माणसाला ठाऊक होतं. तिनं डोळे मिटले. त्या दिवशी जे बघायचं टाळलं होतं, ते तिनं आता नीट आठवलं. डावीकडे. जवाच्या दाण्याएवढं. तिनं काडी तेवढीच कलती केली, श्वास धरला, आणि ओढली.

पातं बाहेर आलं. अख्खं आलं. धुरपानं जखमेत पाला चुरून भरला आणि हातानं दाबून धरला. सांबरानं पुढचे पाय मुडपले. मग मागचे मुडपले. मग ते हळूच कुशीवर झालं, आणि त्यानं डोळे मिटले.

आणि खाली काय झालं? भर दुपारी वेळवाडी जिथल्या तिथं झोपली. दळणारी जात्याच्या खुंट्यावर डोकं टेकून झोपली. भिकाबा पारावर झोपले. बैल गोठ्यात बसले. राजा जेवत होता, तो ताटातच कलंडला. त्याच्या मिशांना श्रीखंड लागलं असेल, मी बघायला गेले नाही.

धुरपा मात्र झोपली नाही. सांबर निजलेलं असताना लांडगे येतील म्हणून ती राखण करत बसली. दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर सांबर उठलं. लंगडत होतं, पण चालत होतं. त्यानं धुरपाकडे पाहिलं नाही आणि ते रानात गेलं. मग ती उतरली.

वाडीत आली तर सगळीकडे घोरणं. तिच्या घराच्या उंबऱ्यावर रावजी बसला होता. मांडीवर सोनकी गाढ झोपलेली, तिच्या गालांवर रंग आलेला. आणि रावजी जागा. सगळ्या गावात तो एकटाच जागा. त्याचे डोळे लाल झाले होते.

"रावज्या, तू रं का न्हाई निजलास?"

रावजीनं सोनकीला घट्ट धरलं. मग म्हणाला, "अक्का, बाण दोरीला लावला तवाच मला कळलं व्हतं. पातं वाकडं हाये, माझ्या बोटाला लागलं. मला ठावं व्हतं, त्यो नीट जायाचा न्हाई. तरी म्या सोडला. आन् तुला एकलीला जाऊ दिलं."

धुरपा काही रागावली नाही. त्याच्या शेजारी उंबऱ्यावर बसली आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. रावजीचं डोकं तिच्या खांद्यावर कललं. सोनकीला धरलेला हात सैल पडला, आणि तो झोपला. मग धुरपाही झोपली, तिथंच, भिंतीला टेकून.

पुढं सगळे सुखानं राहिले. राजानं जागा झाल्यावर शिंगांचं नाव काढलं नाही, दाराला आंब्याची पानं लावली आणि तीच शोभली. वेळवाडीत आता बाण दोघं फिरवून बघतात, बसवणाराही आणि सोडणाराही. तर झालं. कुणाच्या पोटात सांगायचं काही राहिलं असेल, तर या इकडं आणि माझ्या कानात सांगा, मी रागावणार नाही. नसेल तर कुशीवर व्हा, पांघरूण ओढा आणि मिटा डोळे.