पळत्या ढोलाची दवंडी

"विका, खुशाल विका ढोल! पण चोरीला गेला, तर दादू, तुझी नगारखान्यातली नोकरीही गेली म्हणून समज!"

गुणाजीराव महाराज असे गरजले आणि त्यांच्या नगारखान्यात ढोल वाजवणाऱ्या दादू घडशाने हात जोडले. नगारखान्यात नवे ढोल आले, म्हणून जुना ढोल महाराजांनीच त्याला बक्षीस दिला होता. बक्षीस कसलं डोंबलाचं! ढोल असा अगडबंब, की तो घरात शिरला आणि घरची माणसं अंगणात झोपायला गेली. विकला तर चार जास्तीचे पैसे तरी मिळतील, म्हणून बिचारा लेकीला, सगुणाला, बरोबर घेऊन परवानगी मागायला आला होता.

"मागच्या बाजारी सतार गेली, त्याच्या आधी सनई!" महाराज म्हणाले. "गिऱ्हाईक म्हणतं, 'जरा वाजवून बघतो', आणि वाद्य हातात पडलं की धूम ठोकतं. जुनं वाद्य बाजारात सुखरूप विकणं कुणाच्या बापाला जमायचं नाही!"

"बापाला नसेल सरकार, पण लेकीला जमेल की!" सगुणा म्हणाली.

दादूने कपाळावर हात मारून घेतला.

"असं? मग ऐक! ढोल गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. आधी पैसे मागायचे नाहीत. ढोल खुंट्याला बांधायचा नाही, राखणीला माणूस ठेवायचा नाही आणि कुणी पळालं तर मागे धावायचं नाही. एवढं करून विकलास, तर जी किंमत येईल तेवढीच वर माझ्याकडून!"

"किंमत वीस रुपये, सरकार."

"फाटक्या ढोलाचे?"

"जुना आहे, फाटका नाही. एक ठिगळ आहे, ते मी गिऱ्हाइकाला आधीच दाखवणार."

पोरगी गेली, पण महाराजांना चैन पडेना. हट्टी माणूस! हरणं ठाऊकच नाही. शेवटी त्यांनी ठरवलं, की ढोल आपणच पळवायचा. आता राजाने चोरी करायची, आणि तीही स्वतःच दिलेल्या ढोलाची, याला काय म्हणावं? पण सांगणार कोण!

बाजारच्या दिवशी डोक्याला आणि मिशांसकट तोंडाला गुंडाळलेलं मळकं मुंडासं, अंगावर घोंगडी, अशा थाटात महाराज चिंचेखाली बसलेल्या सगुणापुढे उभे राहिले.

"काय गं पोरी, हा वाजतो का नुसताच फुगून बसतो?"

"गळ्यात घाला की, पाहुणं! हे ठिगळ तेवढं बघून घ्या, मागनं कुरकुर नको." तिने पट्टा त्यांच्या गळ्यात घातला. दोन्ही बाजूंची टिपरं हरवू नयेत म्हणून ढोलालाच दोरीने लोंबत होती. "आणि उभ्यानं काय कळतंय? चार पावलं चालून बघा."

आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन! महाराज चार पावलं चालले आणि पाचव्याला जे सुटले, ते सुटलेच.

धडाम्!

लोंबती टिपरं ढोलावर आपटू लागली. धडाम्! धुडूम्! महाराज घाबरून आणखी जोरात पळाले, तसा ढोलही आणखी जोरात बडबडू लागला.

आता त्या गावात गल्लीतून ढोल वाजवत जाणार कोण? दवंडीवाला! आणि दवंडी आली, की हातातलं काम टाकून बाहेर यायचं आणि ती ऐकल्याशिवाय दवंडीवाल्याला हलू द्यायचं नाही, ही तिथली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. पटापटा दारं उघडली. एकजण अर्धी दाढी करून आला, त्याच्यामागे वस्तरा घेऊन न्हावी आला. बघता बघता महाराजांना सगळ्या गावाने घेरलं.

"बोला की हो! काय दवंडी?"

"दवंडीबिवंडी काही नाही! सरका बाजूला!"

"अहो, ढोल बडवला आणि दवंडी नाही? असं कुठं असतंय होय!" पळी घेऊन आलेल्या चंद्राकाकू कडाडल्या. "तिकडं माझं पिठलं करपतंय. बोला लवकर!"

"अहो, घरी जा सगळे! काही कामं करू नका, पण घरी जा!"

"ऐकलंत का? आज सुट्टी!" गावाने एकच जल्लोष केला.

"आणि घरपट्टी?" मागून कुणीतरी ओरडलं.

"कसली घरपट्टी? नाही हो काही!"

"घरपट्टी माफ!"

मग काय विचारता! असला दवंडीवाला गाव सोडतंय होय? लोकांनी त्यांना ढोलासकट खांद्यावर उचललं. त्या गोंधळात मुंडासं खाली पडलं आणि झुपकेदार मिशा सगळ्यांना दिसल्या.

"अगं बाई! हे तर आपले महाराज!" चंद्राकाकूंच्या हातातली पळी गळून पडली.

तेवढ्यात शेंगा खात खात सगुणा येऊन पोचली.

"काय पाहुणं, पसंत पडला का ढोल? वीस रुपये."

"तू मागे धावलीस!" खाली उतरत महाराज ओरडले. "अट मोडलीस!"

"धावते कशाला? आवाजाच्या मागनं रमतगमत आले. सतार घोंगडीत लपते, सनई बाराबंदीत लपते. ढोल कुठं लपवाल सरकार? मुक्या मालाला राखणदार लागतो. हा तर पळवला की स्वतःच बोंब मारतो!"

महाराज जे हसायला लागले, ते थांबेचनात. हसताना पोट हललं, पोटाने ढोल हलला, धुडूम्!

"आणखी एक दवंडी!" गाव ओरडलं.

"हो, हो, आहे दवंडी!" महाराज डोळे पुसत म्हणाले. "सगुणाला ठरल्याप्रमाणे चाळीस रुपये! दादूची नोकरी कायम, पगार दीडपट! आणि आता हा ढोल कुणीतरी राजवाड्यावर नेऊन टाका रे!"

"मी ढोल विकलाय, सरकार," सगुणा म्हणाली. "घरपोच द्यायचं कुठं ठरलं होतं?"

महाराज पुन्हा खो खो हसले आणि ढोल गळ्यात घेऊन स्वतःच निघाले. धडाम्! धुडूम्! पलीकडच्या आळीत धाडकन दारं उघडली.

"अहो, दवंडी आली, दवंडी! शेतसाऱ्याचं विचारा, शेतसाऱ्याचं!"